मामीच्या बाजूचा पत्रा

मामा, बंब एका सेल्फमध्ये चालू झाला. तुला वाटेल मी फेकतोय. आईशप्पथ, एका सेल्फमध्ये. तू होतास तेव्हा तो आधी खोकायचा, मग रुसायचा, मग तू त्याच्या खानदानाबद्दल काहीतरी बोलायचास आणि मग कुठे चालू व्हायचा. आता मी चावी फिरवली आणि लगेच घुर्र. वरच्या गॅलरीतून शेजारचे काका म्हणाले, "जोयुं? मालक गया एटले सुधरी गई." मी हसलो. तू पण त्यांच्यासमोर हसला असतास आणि घरात येऊन त्यांना शिव्या दिल्या असत्यास.

समाजाच्या ग्रुपवर तुझा फोटो फिरतोय. खाली लिहिलंय मनमिळाऊ, शांत, अजातशत्रू. मी दोनदा फोटो मोठा करून बघितला, दुसराच कोणी गेला की काय. शांत? तू? बॉयलरच्या आवाजात आयुष्यभर बोलायची सवय लागलेली, तू मामीला "चहा दे" म्हणालास की सोसायटीतल्या सगळ्यांना चहाची तलफ यायची. तर आता स्मरणिकेत मला पण लिहायला सांगितलंय. मी म्हटलं, त्याच्याबद्दल मला लिहिता येणार नाही, त्याच्याशी बोलतो, चालत असेल तर छापा.

वाचणाऱ्यांना बंब म्हणजे काय ते सांगावं लागेल. तू गप्प बस, मी सांगतो.

तू सुरतेत भेस्तानजवळच्या एका डाइंग मिलमध्ये बॉयलरवर होतास. कापड रंगवायला वाफ लागते, वाफ पाईपातून जाते, आणि त्या पाईपांना ग्लासवूल, म्हणजे काचेचा कापूस, गुंडाळून वरून पत्रा चढवायचं काम तुझं. बॉयलरच्या मागच्या शेडमध्ये शेठची जुनी गाडी उभी होती. गोल डोळ्यांची, शेठच्या तरुणपणातली, आत कबुतरांचं दोन-तीन पिढ्यांचं घर. तू रिटायर झालास तेव्हा शेठ म्हणाले, "लई जा. कबूतर करतां तुं सारो." कबुतरांपेक्षा तू बरा, ही शेठने आयुष्यात तुझी केलेली एकच तारीफ. ती तू कोणीही आलं की सांगायचास, आणि सांगताना शेठचा आवाज काढायला मला लावायचास, कारण मला आवाज चांगले काढता येतात. तेवढंच येतं, हे पण तूच सांगायचास.

मी तेव्हा खानदेशातल्या दोंडाईच्याहून आयटीआय करून तुझ्याकडे राहायला आलेलो. इच्छापोरला फॅब्रिकेशनच्या कारखान्यात लागलो. म्हणजे आपल्या घरात आता पत्र्यातले दोन जाणकार झाले. भांडण तिथूनच सुरू झालं.

गाडी रंगवली, सीटा शिवल्या, आणि पहिल्या फेरीला तू मामीला पुढे बसवून सुरतेतल्याच पर्वत पाटिया भागात लग्नाला घेऊन गेलास. मी मागे. मामीची नवी चप्पल होती. पर्वत पाटियाच्या सिग्नलला तुझी गाडी उभी राहिली आणि मामी किंचाळली. चप्पलचा तळ खालच्या रबराला चिकटलेला. मामी अनवाणी मंडपात गेली, चप्पल गाडीतच राहिली, उभी, जणू कोणी अदृश्य बाई अजून बसलीय. परत येताना ती मागे बसली आणि तिथूनच तिने जाहीर केलं, "मना पाय भाजनं बंद व्हई, तवय मी पुढे बठसू."

त्या दिवशीच मामीने गाडीचं नाव बंब ठेवलं. गावाकडे अंघोळीचं पाणी तापवायचा तो तांब्याचा बंब. नाव इतकं बरोबर होतं की तू पण विरोध केला नाहीस.

पण तेव्हापासून ती मागे आणि तू पुढे एकटा. सोसायटीतली पोरं विचारायची, "काका, मॅडमने क्यां छोडवाना?" मॅडमला कुठे सोडायचं, म्हणजे तू ड्रायव्हर. तू हसायचास. मी मात्र आरशात तुझं तोंड बघितलेलं आहे. तुला गाडी चालवायची हौस कमीच होती, हे मला लवकर कळलं. तुला ती बाजूला बसलेली पाहिजे होती. आयुष्यभर तुझ्या पाळ्या आणि तिची घरची शिवणाची मशीन, दोघं एका दिशेला तोंड करून कधी बसलाच नव्हतात. हे तू कधी बोलला नाहीस. तू बोलायचास ते फक्त सायलेन्सरबद्दल.

आधी आपण भेस्तानच्या गॅरेजवाल्याकडे गेलो. त्याने खाली हात घातला आणि पटकन बाहेर काढला. "काका, आ गाडी छे के भठ्ठी?" मग म्हणाला, टाइमिंग लेट आहे, पेट्रोल इंजिनात पूर्ण जळत नाही, उरलेलं धुराच्या पाईपात जाऊन जळतं. त्याने टाइमिंग सेट केलं. थोडा फरक पडला. मामीने पाय ठेवला, उचलला, आणि मागे जाऊन बसली.

मी खाली झोपून बघितलं. धुराचा पाईप गाडीच्या मधोमध, फ्लोअरला जवळजवळ चिकटून जात होता. आणि फ्लोअरला दोन्ही बाजूंनी जुनी भोकं. मी म्हटलं, "मामा, इथे पत्रा असणार. पाईप आणि फ्लोअरच्या मधे. कबुतरांच्या राज्यात सडून पडला. तसाच परत लावू. पण फ्लोअरला चिकटवायचा नाही, मधे बोटभर जागा सोडायची. गाडी चालली की हवा जाते, गरमी घेऊन जाते."

तू माझ्याकडे असं बघितलंस, जणू मी तुझ्या देव्हाऱ्यात चप्पल ठेवली. "हवा? बॉयलरच्या लाईनीला कोणी हवा सोडलेली पाहिलीस?"

"तिथे गरमी आत ठेवायची असते मामा. इथे घालवायची आहे."

"गरमी ती गरमी. गुंडाळलं की विषय संपला."

आणि तू गुंडाळलंस. इंजिनापासून सायलेन्सरपर्यंत. ग्लासवूल, वरून तार, वरून चकचकीत पत्रा, शिवण अशी की मिलमध्ये इन्स्पेक्शन पास. खरं सांगू? देखणं काम होतं. गाडीखाली मिल दिसत होती. मग तू तुझी परीक्षा घेतलीस. फ्लोअरला हाताची पाठ लावली, एक डोळा मिटला आणि घसा खाकरून निकाल दिलास, "ह्हां… थंडगार शे."

तुझी ही ॲक्टिंग मी सगळ्या लग्नात केली. हाताची पाठ, मिटलेला डोळा, ह्हां. नवरदेवाच्या कपाळाला, वरणाच्या पातेल्याला, रुसलेल्या व्याह्याच्या खांद्याला. लोक पोट धरून हसायचे आणि सगळ्यात जोरात तू. पण मामा, तू तीस-एक वर्षं बॉयलरजवळ उभा राहिलेला माणूस. मिलच्या त्या तापलेल्या लाद्यांवर तुझे तळपाय रेड्याच्या खुरासारखे झालेले. उकळता चहा तू असा धरायचास जसं कोणी पोपट धरतं. आणि थर्मामीटर कोण? तूच. मामी म्हणायची, "तुमले काहीच लागस नई, ते मी काय करू?"

गुंडाळल्यावर गरमी पायाखालून गेली, हे मान्य. पण गेली कुठे? मागे. आपण दोंडाईच्याहून येत होतो, डिक्कीत केळीचा हिरवा लंगर, अख्खा घड, माझ्या आईने दिलेला. सुरतला डिक्की उघडली तर वास आला शिऱ्याचा. केळी उकडलेली. मामीने एक सोलून खाल्लं, शांतपणे, आणि म्हणाली, "मीठ कमी पडनं." मी त्या दिवशी इतका हसलो की तू दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीस.

मग पावसाळा आला, ग्लासवूल पाणी प्यायलं आणि आतल्या आत पाईप गंजला. तू नवीन पाईप टाकलास, उघडा. मला वाटलं शहाणा झाला. कसला. तू ग्लासवूल पाईपावरून काढून फ्लोअरला लावलंस, दोन्ही बाजूंना, आणि वरून पत्रा असा कसून दाबलास की मधे हवा तर सोडच, चिलटाला जागा नाही. परत हाताची पाठ. परत "थंडगार शे." परत मामी मागे.

एकदा मात्र तिने तुला पकडलं होतं. म्हणाली, "तुमना बी पाय भाजतस ना? खरं सांगा. भाजत व्हतीन ते आजच दी टाका भंगारमा." माझ्या डोळ्यांसमोर झालंय हे. तू बनियनवर उभा, दारातल्या नळाखाली पाय धूत. तू प्रत्येक फेरीनंतर पाय धुवायचास, खूप वेळ. मिलची सवय, मला वाटायचं, तिथून आलं की रंग धुवावा लागतो. तू नळ बंद न करता म्हणालास, "माले काय व्हई? थंडगार शे." झालं. भंगार टळलं.

आपलं समोरासमोरचं शेवटचं बोलणं पण पत्र्यावरच झालं. कोणाचं कोणाशी शेवटचं बोलणं काय असतं, लोक सांगतात तेव्हा सगळे एकदम ज्ञानेश्वर असतात. आपलं असं झालं. मी शटडाऊनच्या, म्हणजे बंद प्लँटच्या दुरुस्तीच्या, कामाला हजिऱ्याला निघालो होतो, तिकडेच राहायचं होतं. मी जोडे घालत म्हटलं, "मी आलो की मामीची बाजू खोलतो आणि बोटभर जागा सोडून पत्रा लावतो. तू फक्त नको म्हणू." तू म्हणालास, "नको." मी शिवी दिली, "बॉयलरच्या." तू म्हणालास, "जा, तुझी बस निघाली." बस निघाली नव्हती. मी स्टॉपवर बराच वेळ उभा होतो.

नंतर फोन आला तो मामीचा नव्हता, शेजारच्या काकांचा होता, आणि ते पहिल्यांदा मराठीत बोलत होते. तेव्हाच कळलं.

तुला पांढऱ्या कापडात गुंडाळत होते तेव्हा माझ्या डोक्यात पहिला विचार काय आला सांगू? शिवण बरोबर नाही. तू असतास तर परत खोलायला लावलं असतंस. मी कोणाला बोललो नाही. रडलो पण नाही, लोकांनी ते नोट केलं असेल. मी इतरांचं बघत होतो, कोण कसं रडतं. तुझा साडू नाकातून रडतो. मला तो आता येतो.

संध्याकाळी सगळे बसलेले, चहा फिरत होता, आणि गावाकडचा एक पोरगा मला हळूच म्हणाला, "एकदाव मामाना आवाज काढ ना भो." फिरणारा चहा थांबला. त्याचा वाईट हेतू नव्हता. मी म्हटलं, घसा बसलाय. खोटं. घसा ठणठणीत होता. आवाज पण तयार होता, अगदी जिभेवर. मला भीती वेगळीच होती. मी काढला आणि मामी आतल्या खोलीतून "आले" म्हणाली तर?

अस्थी नंदुरबारपुढच्या प्रकाशा गावी, तापीवर न्यायच्या ठरल्या. मी म्हटलं, तापीच आहे ना, सुरतेत पण तापीच. प्रकाशाला सोडला तर वाहत वाहत हा परत सुरतेलाच येणार. साडू म्हणाला, "मधे उकाईचं धरण शे." म्हणजे तू तिथे अडकणार आणि बिजलीघरवाल्यांना पाईप गुंडाळायला शिकवणार. मोठ्यांनी माझ्याकडे रागाने बघितलं, पण मामीच्या ओठाचा कोपरा हलला. मी बघितलं.

भाड्याची गाडी सांगणार होते. मामी म्हणाली, "बंब काढ."

"मामी, इतक्या लांब? तू मागे बसलीस तरी—"

"काढ म्हनस ना मी."

म्हणून निघायच्या आदल्या सकाळी मी बंब विटांवर चढवला आणि खाली गेलो. आता नको म्हणायला कोणी नव्हतं. आधी मामीची बाजू, डावी, असं ठरवून पान्हा घेतला आणि नट शोधायला लागलो. नट नवीन होते.

पत्रा पण नवीन होता, मामा.

कसून दाबलेला नव्हता. फ्लोअरपासून सुटा, चारी कोपऱ्यांना लोखंडी नळीचे बुश, आणि मधे जागा. मी बोट घातलं. बरोबर एक बोट. ग्लासवूलचा धागा नाही. पुढची कड थोडी वाकवलेली, हवा आत ओढायला. ते तर मी सांगितलं पण नव्हतं, ते तुझं. मी हजिऱ्याला होतो त्या दिवसांत तू एकटा या विटांवर गाडी चढवून, या वयात, उताणा पडून हे करत होतास. आणि फोनवर मला काय सांगत होतास? "काही नाही, बसलोय."

मग मी सरकून उजव्या बाजूला आलो. तुझी बाजू. तिथे तेच जुनं. ग्लासवूल ठासलेलं, पत्रा आवळलेला, पाणी पिऊन काळं पडलेलं. हात लावला नव्हतास.

मी खाली पडून राहिलो. वर शेजारचे काका विचारत होते, "शुं थयुं? फसाई गयो?" मी म्हटलं, हो, अडकलो. पडल्या पडल्या माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. तुझी बाजू तू का सोडलीस? वेळ मिळाला नाही? की दोन्ही बाजू माझ्या पद्धतीने केल्या तर भांडण हरल्यासारखं होईल म्हणून? की तुला खरंच लागत नव्हतं, म्हणून तुझ्या लेखी तिथे काही बिघडलेलंच नव्हतं? तिन्ही उत्तरं तुला शोभतात, म्हणून वैताग आला. तू समोर असतास तर तुला मस्त धरला असता. तुझी बाजू मीही तशीच राहू दिली.

मामीला मी एवढंच सांगितलं, "तुझ्या बाजूचा पत्रा मामाने बसवून ठेवलाय. पुढे बसून बघ."

तिने कलश मांडीवर घेतला आणि पुढे बसली. पाय मात्र वर, सीटवर, मांडी घालून. तिचा तुझ्यावर विश्वास किती ते सांगायला नको. व्यारा गेलं, सोनगढ गेलं. उन्हात रस्ता नुसता तापलेला. नवापूरच्या अलीकडे तिने एक पाय खाली सोडला, अंगठा टेकवून, जसं कोणी नदीचं पाणी बघतं. मग टाच. मग दुसरा पाय. चप्पल काढली, बाजूला सारली, आणि दोन्ही तळपाय सपाट ठेवून बसली. कलश धरलेला, समोर बघत.

मग म्हणाली, "चांगलं करं."

ती शाबासकी मला नव्हती.

इकडे माझी काय हालत होती ते ऐक. तुझ्या बाजूला ॲक्सिलरेटरवर माझा पाय, आणि खाली तवा. नवापूरपर्यंत गरम, विसरवाडीला चटके, नंदुरबार येईपर्यंत मी पाय असा उचलून उचलून टेकवत होतो की पेडलवर लावणी चाललीय. इच्छापोरच्या कारखान्यात दिवसभर वेल्डिंगजवळ उभा राहणारा मी. माझे तळपाय पण काही लोण्याचे नाहीत. आणि तरीही, मामा, असं भाजत होतं की डोळ्यात पाणी आलं. पाण्याचं कारण तेवढंच, लिहून ठेव.

प्रकाशाला पोचलो. विधी झाला. तू पाण्यात मिसळलास, पटकन, तुझ्या स्वभावाला न शोभेल असं काहीही आवाज न करता. बाकीचे वर आले. मी नदीतच उभा राहिलो, घोट्यापर्यंत. तळव्यांना पाणी इतकं छान लागत होतं की हलवेना. खाली वाळू, गार. मामी वरच्या पायरीवर बसून माझ्याकडे बघत होती. माझ्याकडे नाही, माझ्या पायांकडे.

"तुना मामा बी असाच उभा ऱ्हाये," ती म्हणाली. "नळखाले."

तिने चप्पल हातात घेतली आणि अनवाणीच गाडीकडे निघाली.

परत येताना ती न सांगता पुढे बसली, पाय खाली. रिकाम्या मांडीवर काय ठेवावं कळेना म्हणून पाण्याची बाटली धरून बसली. विधीला आलेल्या माझ्या आईने दिलेली केळी या वेळी मागच्या सीटवर होती, अनुभवी कुटुंब आहे आपलं. घाट उतरला आणि तुझी बाजू परत तापायला लागली. मी दात आवळले. मामीने मान न वळवता विचारलं, "तुना पाय भाजतस का रे?"

खरं सांगितलं असतं तर ती काय म्हणाली असती, मला माहीत होतं. ती भंगाराची अट अजून उठलेली नव्हती.

मी डावा हात खाली नेला, पाठ लावली फ्लोअरला, एक डोळा मिटला. आणि घशात तू आलास, मी बोलावलं नव्हतं तरी.

"ह्हां… थंडगार शे."

मामी हसली. मग खिडकीकडे तोंड केलं आणि भेस्तान येईपर्यंत तिकडेच ठेवलं. पाय मात्र तिने वर घेतले नाहीत.

घरी आल्यावर मी दारातला नळ सोडला.